डावा कोपरा, उजवा हात

शाळेत पोरांना कोपऱ्यात उभं करतात ते शिक्षा म्हणून. मी माझी उमेदीची वर्षं कोपऱ्यात उभी राहून काढली, आणि तीही हौसेने, पायांना तेल चोळून, गुडघ्याला पट्टा बांधून. कबड्डीच्या मैदानात सातजणी बचावाला उभ्या राहतात. त्यांतल्या दोन टोकांच्या जागांना कोपरे म्हणतात. चिखले गावच्या महिला संघात डावा कोपरा माझा होता. तो मागायला कोणी आलं नाही, त्यामुळे माझ्याकडून कोणी काढूनही घेतला नाही.

या अंकासाठी लिहायचं ठरलं तेव्हा मला सांगितलं गेलं की तुमच्या कारकिर्दीविषयी लिहा, काय काय जिंकलात ते लिहा. कारकीर्द हा शब्द मी आईला वाचून दाखवला आणि आम्ही दोघी हसलो. घरात चषक एकच आहे, त्यात आई हळकुंडं ठेवते. बाकी बायकांच्या स्पर्धेला बक्षिसं असायची ती संसाराची. पुरुषांच्या विजेत्या संघाला सायकल, आम्हाला स्टीलचे डबे. आमच्या फळीवर डब्यांची एक रांग आहे, मोठ्यापासून लहानापर्यंत, आणि पाहुणे विचारतात की हे कुणाच्या लग्नात आले. मी सांगते, बोर्डीला, उपांत्य फेरीत.

पोटापाण्याला मी डहाणूच्या एका फुग्यांच्या कारखान्यात होते, अजून आहे. फुगे तपासायचे, भोकाचे बाजूला काढायचे, बाकीचे पाकिटात भरायचे. संध्याकाळी सुटून गावात उतरले की घरी न जाता थेट सुरूच्या बनामागच्या मैदानात. तिथे पांडूकाका शिट्टी गळ्यात घालून उभे असायचे. ते रेल्वेत गँगमन होते, रुळांची देखभाल करायचे, आणि तरुणपणी स्वतः चांगले खेळलेले. आम्हा मुलींना शिकवायचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मला बघितलं की ते म्हणायचे, "दिवसभर दुसऱ्याची हवा तपासतेस, आता जरा स्वतःची तपास."

ही हवा म्हणजे दम. ज्यांनी कबड्डी लांबून बघितली आहे त्यांच्यासाठी सांगते. चढाईला जाणारी एकटी असते. एका श्वासात 'कबड्डी, कबड्डी' म्हणत तिने समोरच्यांच्या मैदानात शिरायचं, कुणाला तरी हात किंवा पाय लावायचा आणि मध्यरेषेपर्यंत परत यायचं. लावून आली तर गुण तिचा. तिला आम्ही पकडून ठेवली आणि तिचा दम सुटला तर गुण आमचा. शब्द 'कबड्डी' हाच हवा आणि तो पंचाला ऐकू आला पाहिजे.

यावरून झाईला एकदा गंमत झाली होती. झाई म्हणजे महाराष्ट्राचं टोक. तिथल्या मैदानावर अर्धे प्रेक्षक मराठीत ओरडतात आणि अर्धे गुजरातीत. समोरच्या संघाला एक मुलगी कमी पडत होती म्हणून त्यांनी पदर खोचलेल्या एका वयस्क बाईंना उभं केलं, रमीबेन. त्या चढाईला आल्या त्या 'हुतूतू, हुतूतू' करत. पंचांनी शिट्टी वाजवून परत पाठवलं आणि गुण आम्हाला दिला. रमीबेन कंबरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "मारी मा पण एमज बोलती हती," त्या म्हणाल्या. पंच म्हणाले, "काकी, तुमची आई नियमाच्या आधीची." रमीबेनना ते पटलं की काय कोण जाणे, पण पुढच्या चढाईला त्या 'कबड्डी' म्हणत आल्या आणि आमच्या दोघींना बाद करून गेल्या. त्यांतली एक मी होते.

चढाई करणाऱ्यांची नावं होतात. लहान पोरीसुद्धा त्यांच्यासारखी वेणी घालतात. कोपऱ्यावर कोणी बघत नाही, चूक झाली तरच बघतात. पण कोपऱ्याला एक गोष्ट मिळते जी चढाई करणारीला मिळत नाही. कोपरा कधी एकटा उभा राहत नाही. आम्ही दोघी-दोघी एकमेकींचा हात धरून उभ्या राहतो, त्याला साखळी म्हणतात. डाव्या कोपऱ्याच्या उजव्या हातात शेजारणीचा डावा हात असतो. कोपऱ्याने पायावर झेप घ्यायची आणि शेजारणीने वरून येऊन झाकायचं, असं काम. दोघींनी एकाच क्षणी जायला हवं. एक गेली आणि एक राहिली तर दोघींचं हसं होतं.

माझ्या उजव्या हातात कल्पनाचा हात होता.

कल्पना आमच्या शेजारच्या आळीतली, माझ्यापेक्षा बारीक आणि माझ्यापेक्षा बडबडी. आम्ही पहिलीपासून एकत्र शाळेत गेलो. शाळा रस्त्याच्या पलीकडे होती आणि घोलवडकडून येणाऱ्या गाड्या वळणावर दिसत नसत. तिची मान उंच, तिला आधी दिसायचं. गाडी गेली की ती माझी बोटं करकचून दाबायची, म्हणजे चल, आता पळ. हात नुसताच धरलेला असला तर थांब. बोलायची गरज नसे, आणि गाड्यांच्या आवाजात बोललेलं ऐकूही आलं नसतं. मैदानात पांडूकाकांनी आम्हाला शेजारी उभं केलं तेव्हा आम्ही तीच खूण वापरली. ठरवलं वगैरे नाही. पहिल्या सामन्यात तिने बोटं दाबली, मी झेपावले, आणि घोटा माझ्या हातात होता.

प्रत्येक जोडीची अशी एखादी खूण असते. कुणी कोपर लावतात, कुणी खाकरतात. ती बाहेर सांगत नाहीत. आमची तर पांडूकाकांनाही माहीत नव्हती. त्यांना वाटायचं की मला चढाई करणारीचे डोळे वाचता येतात. मी ते वाटू दिलं. खरं तर मी डोळ्यांकडे बघतच नसे, पावलांकडे बघत असे, आणि बाकीचं कल्पनाच्या बोटांवर सोडून देत असे. इतका भरवसा मी त्यानंतर कशावरही टाकलेला नाही.

२०१४ साली ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. त्यातून कुणाला काय मिळालं ते ज्याचं त्याने सांगावं. मला एवढंच कळलं की आता जिल्ह्याचा आपला एक संघ होणार. ठाणे जिल्हा होता तेव्हा निवडीला जायचं आमच्या मनातही येत नसे, इतका तो लांबचा मामला होता. आता वाटलं, का नाही. मला जिल्ह्याकडून खेळायचं होतं, आणि कल्पनाचा हात धरून खेळायचं होतं. यातली दुसरी गोष्ट वेगळी मागावी लागेल हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

निवड चाचणी वसईकडे होती. पुढच्या वर्षी आम्ही दोघी गेलो. तिथे संघ करून खेळवत नाहीत, सरमिसळ करतात. मला एका अनोळखी मुलीशेजारी उभं केलं, कल्पनाला पलीकडच्या मैदानात. संध्याकाळी नावं वाचली. माझं होतं, तिचं नव्हतं.

परत येताना गाडीत मी सांगितलं की मी जाणार नाही. कल्पना शेंगा खात होती. "वेडी आहेस का गो," ती म्हणाली, "आपल्या गावातून कोण गेलंय आजपर्यंत? जा आणि मॅटवर झोपून ये." गावात मॅट आम्ही पाहिलीच नव्हती, मातीत खेळायचो. मी पुन्हा नाही म्हटलं. तेव्हा तिने शेंगांची पुडी बंद केली. "रंजू, तू नाही गेलीस ना तर मी तुझ्याशी खेळणार नाही." मग मी गेले.

राज्य स्पर्धेआधी शिबिर झालं. माझ्या शेजारी एक मुलगी दिली होती, तिला मी पहिल्याच दिवशी आमची खूण शिकवली. दाबलं की जायचं, नुसतं धरलं की थांबायचं. तिने मुकाट्याने ऐकलं. तिची स्वतःची काही खूण आहे का, हे मला विचारावंसं वाटलं नाही. आमचं बरं चाललं होतं. पहिला सामना जिंकलो. अंगावर जिल्ह्याचं नाव लिहिलेला टीशर्ट होता, तो मी रात्री उशाखाली घेऊन झोपले, हे आता सांगायला हरकत नाही.

दुसऱ्या सामन्यात शेवटची चढाई उरली होती, समोरच्यांची. आम्ही एका गुणाने पुढे होतो. म्हणजे आम्ही काहीच करायचं नव्हतं. लांब राहायचं, ती हात हलवत परत जाईल, सामना आपला. त्याच्या आदल्या चढाईत माझ्या शेजारची मुलगी बाद होऊन बाहेर बसली होती आणि तिच्या जागी मेघा सरकून आली होती. मेघा वसईची, संघातली सगळ्यांत हुशार. तिने माझा हात धरला. समोरची चढाईला आली, पाऊल टाकत टाकत अगदी माझ्याजवळ. मेघाने माझी बोटं करकचून दाबली.

मी झेपावले.

घोटा हाताला लागला आणि निसटला. तिने मागे वळून मला लाथ लावली, मला सावरायला धावलेल्या दोघींनाही लावली, आणि मध्यरेषेपलीकडे पोचून नाचायला लागली. सामना गेला. मी मॅटवर पालथी पडले होते. आमच्या प्रशिक्षकांचा आवाज ऐकू आला, "या कोपऱ्याला कोणी सांगितलं होतं जायला?"

कपडे बदलायच्या खोलीत मेघा माझ्याजवळ येऊन बसली. ती रागावलेली नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं.

"मी हात दाबला होता ना तुझा?"

"दाबलास."

"मग गेलीस कशाला?"

वसईच्या मुली हात दाबून धरतात ते जागेवर धरून ठेवायला. ते मला तिच्या तोंडाकडे बघताना कळलं. त्यांच्याकडे दाबणं म्हणजे थांब. विचार केला तर तेच जास्त शहाणपणाचं वाटतं. मी तिला काय सांगणार होते? घोलवडचं वळण, शाळेचा रस्ता, उंच मानेची कल्पना, हे सगळं सांगावं लागलं असतं, आणि बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता. मी म्हटलं, "चुकलं." ती मान हलवून गेली. जिल्ह्याच्या संघात मला पुन्हा बोलावलं नाही. कोपऱ्याला डोकं नाही, असं माझ्याविषयी म्हणत असत, असं नंतर कळलं. त्याचं वाईट वाटलं. अजून वाटतं.

ही गोष्ट जगात एकाच माणसाला सांगून कळली असती, आणि तिला ऐकून इतकं हसू आलं असतं की माझंही निम्मं दुःख गेलं असतं. परतीच्या सगळ्या प्रवासात मी ती मनातल्या मनात कल्पनाला सांगत होते. कुठे थांबायचं, मेघाचा चेहरा कसा करून दाखवायचा, सगळं ठरवलं. गावात उतरून पिशवीसकट तिच्या घरी गेले तर दारात बऱ्याच चपला. तलासरीकडची माणसं तिला बघायला आली होती. कल्पना साडी नेसून आत बसली होती. तिने मला खिडकीतून बघितलं आणि भुवया उडवल्या. मी मागच्या मागे घरी आले.

लग्न लवकरच झालं. मुलगा चांगला होता, घरचे चांगले होते, कुणाला बोल लावावा असं काही नव्हतं. लग्नाच्या गडबडीत ती माझ्या वाट्याला आली ती बांगड्या भरताना, तेव्हा आजूबाजूला बायकाच बायका. मी म्हटलं, तुला एक सांगायचंय. ती म्हणाली, "ये ना घरी तिकडे, निवांत बोलू." चिखल्याहून तलासरी काही परदेश नाही. पण आधी डहाणू, मग तिथून हायवेला, मग पुढे आत, आणि जाऊन करायचं काय, तर एक हात दाबल्याची गोष्ट सांगायची. सासू समोर बसलेली असताना ती कशी सांगतात ते मला सुचेना. फोनवर तर ती गोष्ट दोन वाक्यांत संपते आणि पलीकडून "अगो बाई" एवढंच येतं. ती सांगायची राहिली.

मग माझ्या उजव्या हातात एकामागून एक हात आले. एकीचा तळवा सतत घामेजलेला, पकडला की मासा धरल्यासारखा. एकीची बोटं सुकटीच्या कामाने इतकी चिरलेली की दाबलं की तीच कळवळायची. एक नुकतं लग्न ठरलेली, तिचं लक्ष अंगठीकडे. प्रत्येकीला मी तीच खूण शिकवली. पांडूकाका एकदा म्हणाले, "अगो, ह्या पोरींना त्यांच्या सवयीने खेळू दे थोडं." मी म्हटलं, डावा कोपरा माझा आहे. त्यांनी खांदे उडवले. मुली शिकायच्या, एक मोसम खेळायच्या आणि जायच्या, कोणी नर्सिंगला, कोणी वापीच्या कारखान्यात, कोणी सासरी. माझं वय वाढत गेलं आणि शेजारणीचं तेवढंच राहिलं. त्या मला ताई म्हणायला लागल्या, मग त्यांच्या गप्पा मी आले की थांबायला लागल्या.

कुणी नसायचं तेव्हा मी समुद्रावर एकटी सराव करायचे. सुरूच्या झाडाला दोरी बांधायची, तिचं टोक उजव्या हातात धरायचं आणि झेप घ्यायची. दोरी ताणली जाऊन खांद्याला हिसका बसायचा. पांडूकाकांनी ते बघितलं. "आता झाडाशीच लग्न लावून टाक," म्हणाले, आणि मग बराच वेळ तिथेच उभे राहून माझं पाऊल कुठे चुकतंय ते सांगत राहिले. घरी आईने लग्नाचं विचारणं सोडून दिलं होतं. कारखान्यात दुपारच्या डब्याला आम्ही सगळ्याजणी गोल बसतो, कुणाच्या पोराला ताप, कुणाची नणंद कशी. मला त्यात घालायला काही नसायचं. सामना कसा झाला हे कुणी विचारलंच तर मी म्हणायचे, बरा झाला. एकटं वाटायचं, फार एकटं वाटायचं, आणि गंमत म्हणजे मैदानात कुणाचा तरी हात हातात असतानाच जास्त वाटायचं.

२०१९च्या सुरुवातीला तलासरीजवळच्या एका गावाने बायकांची स्पर्धा ठेवली. कल्पनाच्या सासरच्या गावाने. त्या हिवाळ्यात तिकडे जमीन हलत होती. दर थोड्या दिवसांनी भूकंपाचे धक्के बसत, भिंतींना चिरा गेल्या होत्या, माणसं घर सोडून अंगणात ताडपत्र्या बांधून राहत होती. सगळे बाहेरच आहेत तर निदान काहीतरी बघतील, म्हणून तिथल्या मंडळाने स्पर्धा घेतली. आमचा संघ टेम्पोतून गेला. शेवटी एकदा ती गोष्ट सांगायची, हेच वाटभर माझ्या डोक्यात होतं.

पोचलो तेव्हा कल्पना मैदानातच होती. जाड झाली होती. पंजाबी ड्रेसवर ओढणी करकचून बांधलेली, कडेवर वर्षाचा मुलगा. "रंजू," म्हणून तिने मुलगा दुसऱ्या बाईकडे दिला आणि मला मिठी मारली. "थांब, आधी तुला हरवते मग बोलू." ती गावच्या संघातून खेळत होती. सासूने सांगितलं होतं, एवढी खेळायची म्हणतात तर दाखव.

सामना सुरू व्हायच्या आधी एक धक्का बसला. खुर्च्या कटकटल्या, माईक कुईं करून थांबला. आमच्या किनाऱ्याच्या पोरी मटकन खाली बसल्या. तिथल्या बायका हसायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "आपण काय घरात आहो का? मग कशाला घाबरता, डोक्यावर आभाळच आहे." पंचांनी थोडं थांबून शिट्टी वाजवली.

कल्पना डाव्या कोपऱ्यात उभी होती. माझ्या जागेवर. तिच्या उजव्या हातात तिच्या नणंदेचा हात होता, वैशाली नावाची सडपातळ मुलगी. आपण जिथे उभं राहायचो तिथे दुसऱ्याला बघणं सोपं नसतं, आणि ती तर चांगली खेळत होती. आमच्या चढाई करणाऱ्या दोघींना तिनेच बाद केलं. सामना संपत आला तेव्हा आम्ही एका गुणाने मागे होतो आणि चढाईला जायला धड कोणी उरलं नव्हतं. आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या होत्या. तिसरी रिकामी गेली तर जाणारी बाद, असा नियम आहे. पांडूकाकांनी माझ्याकडे बघितलं. कोपऱ्याने चढाईला जाणं म्हणजे आचाऱ्याने लग्नाला उभं राहण्यासारखं आहे. पण गेले.

समोरची निम्मी जागा ओलांडून गेलं की एक बोनसची रेषा असते. तिच्यापलीकडे एक पाय टेकवून, दुसरा हवेत ठेवून परत आलं की एक गुण. मला तेवढाच हवा होता. मी 'कबड्डी, कबड्डी' म्हणत सरळ कल्पनाच्या कोपऱ्याकडे गेले. सगळ्यांना वाटलं असेल की मैत्रिणीवर चालून जाते आहे. मी तिच्या हाताकडे बघत होते. अख्ख्या मैदानात मलाच ठाऊक होतं की तिथे बघायचं असतं. बोटं दाबली की पेरं पांढरी होतात. पांढरी झाली की मागे फिरायचं, नाही झाली तर पाय टाकायचा. मला दम भरपूर होता. मी एकदा हूल दिली, दोनदा दिली. पेरं तशीच. मग तिचा हात वैशालीच्या हातात सैल झाला, अगदी सुटल्यासारखा. सैल म्हणजे ती थांबणार. मी पाय टाकला.

ती माझ्या घोट्यावर होती. वैशाली वरून आली, मागून आणखी दोघी. मी मध्यरेषेकडे हात ताणला, माती लागली, रेषा लागली नाही. दम गेला. शिट्टी झाली आणि टाळ्या, आणि कुणीतरी ताशा बडवायला लागलं. बाकीच्या उठल्या. कल्पना घोटा धरून तशीच होती.

"लागलं का गो?"

"नाही."

"मग ऊठ ना."

"उठते," मी म्हटलं आणि थोडा वेळ तशीच पडून राहिले.

सामन्यानंतर ती मला ताडपत्रीखाली घेऊन गेली. आत गाद्या रचलेल्या, कपाट बाहेर आणून ठेवलेलं, देवही बाहेर आणलेले. सासूने चहा दिला. मुलगा माझ्या मांडीवर येऊन बसला आणि माझा गुडघ्याचा पट्टा ओढायला लागला. वैशाली आणि कल्पना बोलत होत्या ते एकमेकींची वाक्यं पुरी करत. मला विचारलं, आई कशी आहे, कारखान्यात पगार वाढला का. मी सांगत गेले. सासू पाण्याला उठली तेव्हा मी म्हटलं, "तुझ्या खुणेने फसवलंस मला."

"कुठल्या खुणेने?"

"सैल सोडलं की जायचं, असं आहे ना तुमचं?"

ती वैशालीकडे बघून हसली. "बघ, हिने ओळखलं. सैल सोडलं की आपोआप झेप बसते, वैशालीने शिकवलं मला."

"आणि आपली?"

"आपली कुठली?"

"आपली खूण. मैदानातली."

कल्पनाने खरंच आठवून बघितलं. कपाळाला आठ्या घातल्या. ती काही लपवत नव्हती, मला ती माहीत आहे. "आपली खूण होती का काही? मला तर वाटतं तू तुझी तुझीच जायचीस गो. तुला आधी कळायचंच. पांडूकाका नाही का म्हणायचे, रंजू डोळे वाचते."

माझी ती राज्य स्पर्धेची गोष्ट जिभेवर होती. मेघाचा चेहरा करून दाखवायचा होता. मी चहा संपवला.

टेम्पोवाला हाका मारत होता. कल्पना मुलाला कडेवर घेऊन रस्त्यापर्यंत आली. मी तिचा मोकळा हात उजव्या हातात घेतला आणि बोटं करकचून दाबली, शाळेच्या रस्त्यावर ती दाबायची तशी. तिनेही मायेने दाबली, घरी आलेल्या माणसाला निघताना दाबतात तशी.

"हो गो, नीघ आता," ती म्हणाली. "काळोख व्हायच्या आत हायवेला लागा."

तिला वाटलं मी निरोप घेते आहे. मग मी तो घेतला.